३४,००० मार्कांची तूट

इ. स. १४५३ हे साल महाराष्ट्रातील शाळांत इतिहास शिकलेल्या बहुतेकांना पाठ असते. त्या वर्षी ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुश्कीच्या व्यापारी मार्गांवर त्यांचे नियंत्रण आले आणि युरोपीय लोक भारताकडे जाणारा सागरी मार्ग शोधू लागले, असा तो धडा. परंतु सुलतान दुसऱ्या मेहमदच्या तोफांपुढे तेव्हा जे शहर उभे होते, ते एका साम्राज्याचा केवळ सांगाडा होते. ते साम्राज्य सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीच, १२०४ मध्ये मोडले होते. आणि मोडणारे हात तुर्कांचे नव्हते. जेरुसलेम सोडवण्याची शपथ घेऊन, खांद्यावर क्रूसाचे चिन्ह शिवून घरून निघालेल्या ख्रिस्ती योद्ध्यांचे ते हात होते.

मध्ययुगीन युरोपला कलाटणी देणाऱ्या घटना सांगताना १०६६ ची नॉर्मन स्वारी, १२१५ चा मॅग्ना कार्टा आणि १३४७ मध्ये आलेली प्लेगची साथ यांचा उल्लेख हमखास होतो. १२०४ मात्र मागे पडते. या कथेत नायक सापडत नाही, हे त्याचे एक कारण असावे. सापडतो तो एक करारनामा आणि त्यातील चुकलेला अंदाज.

११८७ मध्ये सलाउद्दीनने जेरुसलेम जिंकले. ते परत मिळवण्यासाठी निघालेले तिसरे धर्मयुद्ध जेरुसलेमविनाच आटोपले. ११९८ च्या जानेवारीत तिसरा इनोसंट पोप झाला, तेव्हा त्याने चाळिशीही ओलांडली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने नव्या धर्मयुद्धाची हाक दिली. राजे आले नाहीत; इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे एकमेकांशी झुंजण्यात गुंतले होते. आले ते उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्सचे तरुण सरदार : शाम्पान्यचा तिबो, ब्लुआचा लुई, फ्लँडर्सचा बाल्डविन.

या मंडळींनी ठरवले की प्रवास समुद्रमार्गे करायचा आणि घाव इजिप्तवर घालायचा. मुस्लिम सत्तेची रसद आणि संपत्ती नाईलच्या खोऱ्यात होती. इजिप्त हाती आले की जेरुसलेम टिकवता येईल, हा विचार लष्करीदृष्ट्या चुकीचा नव्हता. मात्र सामान्य योद्ध्याला ओढ होती ती जेरुसलेमची. म्हणून इजिप्तचा बेत गुप्त ठेवण्यात आला. त्यांच्याकडे जहाजे नव्हती. तेव्हा १२०१ च्या प्रारंभी सहा दूत व्हेनिसला गेले. त्यांत शाम्पान्यचा मार्शल जोफ्रुआ द व्हिलार्दुआँ होता. पुढे त्यानेच या मोहिमेचा वृत्तांत लिहिला.

व्हेनिसचा डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख, होता एन्रिको दांदोलो. अतिवृद्ध, दृष्टी पूर्ण गेलेली, आणि बुद्धी तल्लख. त्याने केलेला करार आजच्या एखाद्या कंत्राटाइतका नेमका होता. ४,५०० सरदार, ४,५०० घोडे, ९,००० शिलेदार-सेवक आणि २०,००० पायदळ वाहून न्यायचे. वर्षभराची शिधासामग्री पुरवायची. दर घोड्यामागे ४ मार्क आणि माणसामागे २ मार्क. घोड्यांचे १८,०००, तर ३३,५०० माणसांचे ६७,०००. एकूण ८५,००० मार्क. एक मार्क म्हणजे पाव किलोहून थोडी कमी चांदी, म्हणजे हा व्यवहार सुमारे २० टन चांदीचा झाला. याशिवाय व्हेनिस स्वखर्चाने ५० युद्धनौका देणार होते आणि त्या बदल्यात जिंकलेल्या मुलखाचा अर्धा वाटा घेणार होते.

हिशेब बिनचूक होता. चुकला तो त्यामागचा अंदाज. ३३,५०० हा आकडा दूतांच्या उत्साहातून आला होता. त्याहून मोठी खोट अशी की हा करार फक्त सही करणाऱ्या सरदारांना बांधील होता. इतर हजारो योद्ध्यांनी व्हेनिसलाच येऊन जहाजात बसावे, असे बंधन कोणावरच नव्हते. ज्याला जवळ पडेल त्याने मार्से गाठले, कोणी दक्षिण इटलीतील बंदरांतून निघाले. खुद्द बाल्डविनचे फ्लेमिश आरमार जिब्राल्टरला वळसा घालून परस्पर सीरियाकडे गेले. दरम्यान तिबो मरण पावला आणि नेतृत्व माँफेराच्या बोनिफेसकडे आले.

१२०२ च्या उन्हाळ्यात व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर जमलेल्या सैन्याची मोजदाद झाली, तेव्हा माणसे भरली सुमारे १२,०००. अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश. बंदरात मात्र ३३,५०० माणसांची जहाजे सज्ज उभी होती.

इथे व्हेनिसची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. धूर्त व्यापाऱ्यांनी भोळ्या धर्मवीरांना फसवले, ही मांडणी सोपी आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. परंतु या आरमारासाठी व्हेनिसने वर्षाहून अधिक काळ आपला सागरी व्यापार जवळपास थांबवला होता. गोदीत लाकूड, दोर, डांबर आणि मजुरी यांवर पैसा ओतला गेला होता. ही रक्कम बुडाली असती तर शहराचे कंबरडेच मोडले असते. सरदारांनी स्वतःची सोन्या-चांदीची भांडी काढून दिली, उसने घेतले, तरी ३४,००० मार्क कमी पडले.

दांदोलोने कर्ज माफ केले नाही. मुदत वाढवून दिली. अट एकच : वाटेत डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील झारा, म्हणजे आजचे क्रोएशियातील झादार, जिंकून द्यायचे. हे शहर व्हेनिसची सत्ता झुगारून हंगेरीच्या राजाच्या आश्रयाला गेले होते. झारा कॅथलिक होते. हंगेरीचा राजा एमेरिक याने तर स्वतः धर्मयुद्धाची शपथ घेतलेली होती. पोपने ख्रिस्ती शहरावर हल्ला करण्यास मनाई करणारे पत्र धाडले आणि एका मठाधिपतीने ते छावणीत बजावलेही. नगरवासीयांनी तटावर क्रूस टांगले. तरीही नोव्हेंबर १२०२ मध्ये झारा पडले, लुटले गेले.

सगळेच मुकाट्याने सामील झाले असे नाही. सिमाँ द माँफॉर याने लढण्यास नकार दिला आणि पुढे आपल्या माणसांसह वेगळा निघून गेला. (या सदसद्विवेकाचे फार कौतुक करू नये, याच सिमाँने काही वर्षांनी दक्षिण फ्रान्समधील कॅथार पंथीयांविरुद्धच्या क्रूर मोहिमेचे नेतृत्व केले.) परंतु त्याच्या जाण्यातून एक गोष्ट सिद्ध होते : नाही म्हणणे शक्य होते. पोपने सर्वांवर धर्मबहिष्कार घातला. फ्रेंचांनी क्षमा मागितल्यावर त्यांच्यावरचा उठवला, व्हेनिशियनांवरचा ठेवला. ते बहिष्कारपत्र बोनिफेसने दडवून ठेवले. ते जाहीर झाले असते तर आरमार फुटले असते.

झाराच्या हिवाळी छावणीत असतानाच दुसरा प्रस्ताव आला. बायझंटाईन सम्राट दुसरा आयझॅक याला ११९५ मध्ये त्याच्याच भावाने पदच्युत करून आंधळे केले होते. आयझॅकचा तरुण मुलगा अलेक्सियस पळून पश्चिमेस आला होता. त्याची बहीण जर्मनीतील राजा फिलिप ऑफ स्वाबिया याला दिली होती. फिलिपचे दूत अलेक्सियसच्या वतीने बोलले. बाप-लेकाला सिंहासन मिळवून द्या. मोबदल्यात २,००,००० मार्क, सैन्याला शिधा, इजिप्तच्या मोहिमेसाठी १०,००० सैनिक, पवित्र भूमीत कायमचे ५०० सरदार आणि वर ग्रीक चर्चचे पोपपुढे समर्पण. ३४,००० मार्कांसाठी अडलेल्या माणसांसमोर दोन लाखांचा आकडा ठेवला गेला होता. देणाऱ्याजवळ तेवढे आहे का, हे विचारण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

येथे जुन्या वैराचा हिशेबही मांडावा लागतो. १०५४ पासून रोम आणि कॉन्स्टँटिनोपल येथील चर्चमध्ये दुरावा होता. १०८२ मध्ये व्हेनिसला बायझंटाईन बंदरांत जकातमाफी मिळाली होती आणि ती स्थानिकांना खुपत होती. ११७१ मध्ये सम्राट मॅन्युएलने एकाच दिवशी साम्राज्यभरातील व्हेनिशियनांना कैद करून त्यांचा माल जप्त केला. ११८२ मध्ये राजधानीतील जमावाने लॅटिन रहिवाशांची कत्तल केली. त्यात बळी पडले ते मुख्यतः पिसा आणि जिनोआचे लोक. दांदोलोचे डोळे बायझंटाईनांनीच फोडले होते आणि त्याचा सूड म्हणून त्याने हे सारे घडवले, अशी एक चटकदार कथा सांगितली जाते. परंतु ज्या वकिलातीत हे घडले असे म्हणतात, तिच्यानंतरच्या ११७४ मधील दस्तऐवजावर त्याची सही स्वच्छ, सरळ ओळीत आहे. दृष्टी नंतर गेली. पूर्वनियोजित कटाचा सिद्धान्त बराचसा अशाच दंतकथांवर उभा आहे.

जून १२०३ च्या अखेरीस आरमार कॉन्स्टँटिनोपलसमोर आले. पश्चिमेकडील सरदारांनी असे शहर कधी पाहिले नव्हते. वस्ती सुमारे चार लाख. लंडन आणि पॅरिस त्याच्या जवळपासही येत नव्हते. दोन बाजूंना पाणी, तिसऱ्या बाजूला पाचव्या शतकातील तिहेरी तटबंदी. ६२६ मध्ये अवार, ७१७-१८ मध्ये अरब असे किती जण या तटांना धडकून परतले होते. इथले ग्रीकभाषक रहिवासी स्वतःला रोमनच म्हणवत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रोमन साम्राज्याची अखंड परंपरा इथेच चालू होती.

तरुण अलेक्सियसला जहाजावर उभे करून तटाजवळून मिरवण्यात आले. तुमचा खरा राजा पाहा, अशी घोषणा झाली. जनतेकडून जयजयकार अपेक्षित होता. मिळाली ती हेटाळणी. मग लढाई झाली. गोल्डन हॉर्न या खाडीच्या मुखावरची लोखंडी साखळी तुटली. १७ जुलैच्या हल्ल्यात अंध दांदोलो आपल्या गलबताच्या नाळेवर, संत मार्कचे निशाण पुढे धरून उभा होता. त्या रात्री गादी बळकावणारा काका खजिना घेऊन पळाला. आंधळ्या आयझॅकला तुरुंगातून काढून सिंहासनावर बसवले गेले आणि १ ऑगस्ट रोजी मुलगा चौथा अलेक्सियस म्हणून सहसम्राट झाला.

आता वायदा पुरा करण्याची वेळ आली, आणि खजिन्यात पैसा नव्हता. नव्या सम्राटाने कर लादले, चर्चमधील मूर्तिचित्रांची सोन्या-चांदीची आवरणे काढून वितळवली. तरी जेमतेम निम्मी रक्कम उभी राहिली. ऑगस्टमध्ये काही लॅटिनांनी शहरातील मशिदीवर हल्ला केला, दंगल झाली आणि लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. ग्रीकांच्या दृष्टीने हा सम्राट परक्यांचा वसुली कारकून ठरला. परक्यांच्या दृष्टीने वचनभंग करणारा ऋणको. जानेवारी १२०४ मध्ये दाट भुवयांमुळे ‘मुर्झुफ्लोस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दरबाऱ्याने त्याला पदच्युत केले आणि पुढे गळा आवळून मारले. नव्या सम्राटाने देणे साफ नाकारले.

वर्षभर पुढे ढकललेले कर्ज आता वसूल होण्याचा एकच मार्ग उरला होता. मार्चमध्ये, हल्ला होण्यापूर्वीच, लुटीच्या वाटपाचा लेखी करार झाला. देणे फिटेपर्यंत लुटीतील तीन हिस्से व्हेनिसला, एक धर्मयोद्ध्यांना, त्यानंतर निम्मे-निम्मे. नव्या सम्राटाची निवड १२ जण करतील, प्रत्येक बाजूचे सहा. शहर अजून दुसऱ्याचे होते. त्याची वाटणी मात्र पूर्ण झाली होती.

९ एप्रिलचा हल्ला फसला. सामान्य सैनिकांत चलबिचल झाली : हा देवाचाच कौल तर नसेल? धर्मगुरूंनी व्यासपीठांवरून सांगितले की ग्रीकांनी आपल्या धन्याला मारले आहे आणि ते रोमच्या चर्चपासून फुटलेले आहेत. म्हणून हे युद्ध न्याय्य आहे. छावणीतील वेश्यांना जहाजात घालून दूर पाठवण्यात आले, कारण सैन्य पवित्र असायला हवे होते. १२ एप्रिल रोजी जहाजे जोडीजोडीने बांधून, डोलकाठ्यांवर झुलते पूल लावून पुन्हा चढाई झाली. वाऱ्याने ‘पॅराडाइज’ आणि ‘पिलग्रिम’ ही दोन जहाजे एका बुरुजाला नेऊन भिडवली आणि तट फुटला. रात्री आणखी एक आग पेटली. मुर्झुफ्लोस पळाला.

त्यानंतर तीन दिवस लूट चालली. या तीन दिवसांचे साक्षीदार तीन आहेत आणि तिघांचे डोळे वेगळे आहेत. व्हिलार्दुआँ करारावर सही करणारा मुत्सद्दी. त्याच्या वृत्तांतात लूट हा एक मोठा, नीट नोंदलेला व्यवहार आहे. रोबेर द क्लारी हा पिकार्डीचा गरीब सरदार. शहर पाहून तो दिपून जातो आणि बड्यांनी वाटणीत गरिबांना फसवले म्हणून चरफडतो. निकेतास कोनियातेस हा बायझंटाईन दरबाराचा उच्च अधिकारी. त्याचे घर आधीच्या आगीत जळाले होते. हागिया सोफियातील वेदीचे तुकडे करून वाटले गेले, लूट वाहायला खेचरे आत आणली गेली आणि धर्मप्रमुखाच्या आसनावर एक वेश्या बसून गात होती, हे त्यानेच नोंदवले आहे.

निकेतासच्या कुटुंबाला वाचवले ते एका व्हेनिशियन व्यापाऱ्याने. लॅटिन सैनिकाचा वेश करून तो दारात उभा राहिला आणि हे घर आपण आधीच ताब्यात घेतले आहे असे इतरांना सांगत राहिला. पुढे त्याने या मंडळींना कैदी असल्यासारखे चालवत नेले. वाटेत एका सैनिकाने एका न्यायाधीशाची तरुण मुलगी ओढून नेली. निकेतासने इतर सैनिकांपुढे हात जोडले, त्यांच्या शपथांची आठवण दिली, आणि त्यांच्याच मदतीने तिला सोडवून आणले. त्या दिवसांत अशा किती जणींसाठी कोणीच हात जोडले नसतील, हे त्याच्या पानांतून वाचावे लागत नाही, कळतेच.

प्राचीन कांस्यपुतळे, त्यांत ग्रीक शिल्पकार लिसिपसचा म्हणून प्रसिद्ध असलेला हर्क्युलिस, भट्टीत घालून नाणी पाडली गेली. चार कांस्य अश्व मात्र व्हेनिसला गेले आणि संत मार्कच्या चर्चच्या दर्शनी भागावर चढले. (१७९७ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये ते परत आले, कॉन्स्टँटिनोपलला नव्हे, व्हेनिसला.) संतांच्या अस्थी युरोपभर पांगल्या. त्यांतील दोन ग्रीक धर्माचार्यांच्या अस्थी पोप दुसरा जॉन पॉल याने २००४ मध्ये, म्हणजे ८०० वर्षांनी, इस्तंबूलला परत केल्या.

व्हिलार्दुआँच्या हिशेबानुसार धर्मयोद्ध्यांनी आपल्या वाट्यातून ५०,००० मार्क व्हेनिसला चुकते केले आणि एक लाख आपसांत वाटून घेतले. दुसऱ्या एका समकालीन वृत्तांतात दर माणशी रक्कम दिली आहे : सरदाराला २० मार्क, घोडेस्वार शिपायाला १०, पायदळातील माणसाला ५. कर्ज फिटले. बाल्डविन १६ मे रोजी हागिया सोफियात सम्राट झाला आणि दांदोलोच्या व्हेनिसच्या पदरी साम्राज्याचे तीन अष्टमांश आले. बोनिफेसकडून १,००० मार्कांना विकत घेतलेले क्रीट तर व्हेनिसने १६६९ पर्यंत राखले.

पोप इनोसंट प्रथम हरखला. दोन्ही चर्च एक झाली असे त्याला वाटले. लुटीचा तपशील कळल्यावर त्याने संतप्त पत्र लिहिले : ज्यांनी हे केले त्यांच्या चर्चकडे ग्रीक आता कोणत्या तोंडाने परततील? तोवर पोपच्याच प्रतिनिधीने सैन्याला जेरुसलेमच्या शपथेतून मुक्त करून टाकले होते. मुख्य सैन्याने इजिप्त पाहिले नाही, जेरुसलेमही नाही.

बाल्डविनला वर्षभरात बल्गारियाच्या कालोयानने ॲड्रियानोपलजवळ पकडले. तो परतला नाही. दांदोलो १२०५ मध्ये मरण पावला आणि हागिया सोफियातच पुरला गेला. ग्रीक सत्ता नायसिया, एपिरस आणि ट्रेबिझाँड अशा तीन तुकड्यांत जगली. राजधानीतील लॅटिन साम्राज्य कायमचे कफल्लक राहिले. शेवटचा सम्राट दुसरा बाल्डविन याने राजवाड्याच्या छपरांवरील शिसे विकले, येशूचा म्हणून पूजला जाणारा काटेरी मुकुट १३,१३४ सुवर्णनाण्यांसाठी व्हेनिसच्या सावकाराकडे गहाण पडला, आणि अखेर पोटचा मुलगाही त्याने तिथल्या व्यापाऱ्यांकडे तारण म्हणून ठेवला. मुकुट फ्रान्सच्या नवव्या लुईने सोडवून पॅरिसला नेला.

१२६१ मध्ये नायसियाच्या मायकेल पॅलिओलोगसने शहर परत घेतले. पण जळालेली पेठ, ओसाड मोहल्ले आणि रिकामा खजिना यांसह. व्हेनिसला तोंड देण्यासाठी जिनोआला व्यापारी सवलती द्याव्या लागल्या. खर्च झेपेना म्हणून १२८५ मध्ये आरमार मोडीत काढले गेले. १३५४ मध्ये ऑटोमन तुर्कांनी गॅलिपोलीत पाय रोवला, तेव्हा त्यांना समुद्रावर अडवायला बायझंटाईनांचे स्वतःचे म्हणावे असे आरमार उरले नव्हते. चार लाखांची वस्ती १४५३ पर्यंत ५०,००० च्या आसपास आली आणि मैलोगणती तटावर लढायला सुमारे ७,००० माणसे उरली.

१३४३ मध्ये यादवीच्या खर्चासाठी राणी ॲन ऑफ सॅव्हॉय हिने राजमुकुटाचे जवाहीर व्हेनिसकडे ३०,००० डुकाटांना गहाण टाकले होते. १३४७ च्या राज्याभिषेकात मुकुटावर रंगीत काचेचे खडे बसवावे लागले. मेहमदच्या तोफा तटाला भिडल्या, त्या दिवशीही ते जवाहीर व्हेनिसमध्ये गहाणच होते.